‘काय काम केलंय!’ याच्या पुढे: नटाचं काम जोखायचं कसं

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातला प्रयोग सुटला की पार्किंगपर्यंत एकच वाक्य कानावर येतं, “काय काम केलंय यार!” गाडी बाहेर निघेपर्यंत विषय कुठे खायचं यावर गेलेला असतो. नेमकं काय केलं असं विचारलंत, तर उत्तर बहुधा तीनपैकी एक मिळतं: रडवलं, ओळखूच आला नाही, किंवा भाषा काय पकडलीय! या तिन्हींत नटाचा वाटा किती आणि लेखकाचा, रंगभूषाकाराचा, संकलकाचा वाटा किती, हे वेगळं काढता यायला हवं. ते जमलं की एरवी नजरेआड राहणारे नटही दिसायला लागतात, आणि काही गाजलेली कामं जरा फिकी पडतात. त्याला इलाज नाही.

खुर्ची कुठली घ्यायची

पुण्यात याची सोय चांगली आहे. तेच नाटक बालगंधर्वला, टिळक स्मारकला, कोथरूडच्या यशवंतराव चव्हाणला आणि चिंचवडच्या मोरे प्रेक्षागृहात फिरत असतं. म्हणजे एकच काम दोन जागांवरून बघता येतं. पहिल्या खेपेला साधारण पाचव्या ते दहाव्या रांगेत बसा. अगदी पुढे बसलं की घाम आणि मेकअप दिसतो, रंगमंच दिसत नाही. दुसऱ्या खेपेला मुद्दाम बाल्कनीचं तिकीट काढा. चेहरे दिसत नाहीत म्हणून कुरकुर नको. चेहरा वजा केल्यावर नटाकडे काय उरतं ते बघायलाच आपण वर गेलेलो असतो. चाल, खांदे, थांबायच्या जागा आणि आवाज यांचा हिशोब तिथून चोख लागतो.

आवाजाबद्दल एक सावधगिरी. हल्ली बहुतेक ठिकाणी माइक लावलेले असतात, त्यामुळे आवाज पोचला याचं श्रेय लगेच नटाच्या खात्यावर टाकू नका. वाक्याचा शेवट पोचतो का ते ऐका. मराठीत वाक्याचा निकाल शेवटी लागतो. ‘मी त्याला पैसे दिले’ इथवर एक अर्थ असतो, आणि पुढे ‘नव्हते’ आलं की सगळं उलटं होतं. कच्चा नट सुरुवातीला जोर लावतो आणि वाक्याचं शेपूट गिळतो. बाल्कनीतून नुसती शेपटं ऐकत बसा, अर्ध्या तासात कोण तयारीचं आहे ते कळतं.

शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत हिशोब उलटा होतो. तिथे नट हाताच्या अंतरावर असतो. मोठ्या नाट्यगृहाची सवय असलेला तिथेही शेवटच्या रांगेला ऐकवायच्या पट्टीत बोलायला लागला, तर जागेचा अंदाज चुकला असं खुशाल म्हणा.

पहिल्यांदा नुसतं बघा

पहिल्या प्रयोगाला वही काढू नका. मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभं असताना दोनच गोष्टी मनाशी ठरवा: हे नाटक आहे याचा विसर कुठे पडला, आणि ‘अरे, हा अभिनय करतोय’ हे कुठे टोचलं. बाकीचं विश्लेषण घरी. प्रयोग चालू असताना मार्क देत बसणारा माणूस नाटक बघत नसतो. स्पर्धेचे परीक्षक नाइलाजाने ते करतात, आणि त्याची किंमतही मोजतात.

भूमिका मोठी की नट मोठा

‘नटसम्राट’ घ्या. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी आप्पासाहेब बेलवलकर उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही ती भूमिका केली, आणि २०१६ साली पडद्यावर नाना पाटेकर आले. शिरवाडकरांनी त्यातली स्वगतं अशी लिहिली आहेत, की बऱ्यापैकी आवाजाच्या कोणालाही टाळी मिळतेच. कॉलेजच्या गॅदरिंगमध्येसुद्धा मिळते. म्हणून आप्पासाहेब जोखायचे असतील तर स्वगतं बाजूला ठेवा आणि सुरुवातीचा प्रवेश बघा. निवृत्त झालेला, सत्कारांनी सुखावलेला हा माणूस मुलांमध्ये सगळं वाटून मोकळा होतो. तिथे तो खूश आहे, उदार आहे, आणि त्या उदारपणाचा त्याला थोडा गर्वही आहे. तो गर्व दिसतो का? की पहिल्याच प्रवेशात नटाच्या डोळ्यांत पुढचं दुःख येऊन बसलंय? नाटक नटाने वाचलेलं असतं, पात्राने वाचलेलं नसतं. पुढे काय होणार हे पात्राच्या अंगावर आधीच दिसायला लागलं, की तिथले मार्क कापा.

प्रत्येक गाजलेल्या कामाला हा प्रश्न लावून बघा: हीच वाक्यं दुसऱ्या बऱ्या नटाने म्हटली असती, तर किती उरलं असतं? जवळजवळ सगळंच उरलं असतं असं उत्तर आलं, तर कौतुक लेखकाचं करा.

रिकाम्या कपाचं वजन

आपल्या कौटुंबिक नाटकांत चहा असतोच. बहुतेक वेळा कप रिकामा असतो. आता बघा: नट तो कसा उचलतो? भरलेला कप उचलताना मनगट जरा सावध होतं, पहिला घोट ओठ चाचपत घेतला जातो, आणि बोलता बोलता हात हलवायचा झाला तर कप आधी खाली ठेवला जातो. कच्च्या नटाच्या हातातला कप वाक्याबरोबर हवेत गिरक्या घेतो. गावाहून आलेल्या मामाची बॅग तशीच. चार दिवसांचे कपडे आणि लोणच्याची बरणी असलेली बॅग दोन बोटांवर तरंगत आत येते. फोनवरच्या संभाषणात पलीकडच्या माणसाला बोलायला वेळ दिला जातो का, तेही मोजा. ‘हो... हो... काय सांगतोस!’ हे तीन उद्गार तीन सेकंदांत उरकले, तर पलीकडे कोणी नाही हे आपल्याला कळलेलं असतं.

ही हमाली बारीक वाटेल, पण रडण्याच्या प्रवेशात नटाला संगीत आणि प्रकाशयोजना मदत करतात. कप उचलताना कोणी मदत करत नाही.

जो बोलत नाही त्याच्याकडे बघा

दुसऱ्या खेपेला एक प्रवेश असा निवडा ज्यात तुमचा नट गप्प आहे, आणि बोलणाऱ्याकडे अजिबात न बघता त्याच्यावर नजर ठेवा. तो ऐकतोय, की स्वतःच्या वाक्याची वाट बघतोय? वाट बघणाऱ्याची खूण म्हणजे समोरचं वाक्य संपायच्या किंचित आधीच त्याने श्वास भरलेला असतो. आणखी एक जात असते, ती दुसऱ्याच्या लाफ्टरवर स्वतःचं तोंड वेंगाडून अ‍ॅडिशन, म्हणजे संहितेत नसलेली भर, घेते. प्रेक्षक हसतात, पण सहकलाकाराचा प्रवेश खाल्लेला असतो. मी तरी अशा हशाचे मार्क देत नाही.

समूहात हे जोखणं अवघड, पण शिकण्यासारखं. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात झाला. जब्बार पटेलांच्या त्या बांधणीत ब्राह्मणांची रांग हाच पडदा होता. तीच भिंत, तीच गर्दी. तेव्हा लोकांच्या तोंडी डॉ. मोहन आगाशे यांचा नाना फडणवीस राहिला, आणि ते रास्तच होतं. पण अशा नाटकाचं चित्रीकरण किंवा नवा प्रयोग बघाल तेव्हा रांगेतला कुठलाही एक माणूस धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. तो रांगेचा भाग असतानाही कोणीतरी आहे का, की नुसता पाय ठोकतोय? नानाची जरब त्या रांगेच्या पाठींवर उभी असते.

बोली: इथे जरा जास्त वेळ थांबू

‘भाषा काय पकडलीय’ ही पुण्यातली सगळ्यात स्वस्त दाद आहे. लई, न्हाय, म्या, आक्षी असे चार शब्द पेरले की झाली ग्रामीण भाषा. अशी भाषा नकाशावरच्या कुठल्याच गावात बोलत नाहीत. नाटक-सिनेमांनी आपल्या सोयीसाठी ती तयार केली आहे. म्हणून पहिला प्रश्न हा: हे पात्र कुठल्या तालुक्याचं, ते कानाने सांगता येतं का? वऱ्हाडात ‘करून राहिलो’ आणि ‘काऊन’ येईल, डोळ्याचा ‘डोया’ होईल. मालवणीत ‘माका’ आणि ‘खंय’. मराठवाड्यात ‘काय करायलास’. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतील. पण शब्द पाठ करता येतात. खरी परीक्षा हेलाची असते, म्हणजे वाक्य कुठे चढतं, कुठे लांबतं, कुठे आपटतं याची. शब्द बरोबर आणि हेल सदाशिव पेठेचा, ही जोडी फार वेळा दिसते.

दुसरी कसोटी रागाची. माणूस चिडला की स्वतःच्या बोलीत आणखी खोल जातो. नटाचं बहुधा उलटं होतं. चिडण्याच्या प्रवेशात त्याचं सगळं लक्ष भावनेवर जातं, बोलीवरचा हात सुटतो आणि नेमक्या त्या वाक्यात त्याची घरची भाषा बाहेर पडते. म्हणून बोली जोखायची तर भांडणात जोखा. तसंच पैसे मोजताना, पोराला हाक मारताना, शिवी देताना.

तिसरी कसोटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: समोर कोण आहे त्याप्रमाणे बोली बदलते का? हे शिकायला नाट्यगृहात जायचीही गरज नाही. सदाशिव किंवा नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांची गर्दी असलेल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर संध्याकाळी उभे राहा. नांदेडकडचा पोरगा मित्रांशी एका भाषेत बोलत असतो. खोलीचे मालक समोरून गेले की “काका, भाडं एक तारखेला देतो” हे वाक्य एकदम इस्त्री करून येतं, फक्त ‘पाण्याचा प्रॉब्लेम’ म्हणताना ‘पान्याचा’ निघून जातं. तेवढ्यात घरून फोन येतो, तो दोन पावलं बाजूला होतो, आवाज खाली येतो आणि “काय करायलीस माय, जेवलीस का?” पाच मिनिटांत एकाच माणसाच्या तीन भाषा. रंगमंचावर मराठवाड्याचा मुलगा दोन तास आईशी, मालकाशी आणि प्रेयसीशी त्याच एका घट्ट बोलीत बोलत असेल, तर नटाने बोली पाठ केली आहे, माणूस केलेला नाही.

‘सैराट’ मध्ये हे स्वच्छ दिसतं. रिंकू राजगुरू अकलूजची, आर्चीची बोली तिच्याच मुलखातली, त्यामुळे बोली पकडल्याचं कौतुक तिथे गैरलागूच. खरं बघण्यासारखं आहे ते हैदराबादेत. बुलेट चालवणारी, सगळ्यांना दमात घेणारी ही मुलगी अशा गावात येते जिथे तिची भाषा कोणालाच कळत नाही. तिथे तिचा आवाजच बसतो, वाक्यं तुटतात. गावातला तोरा आणि इथलं गप्प होणं शेजारी ठेवून बघा.

‘अस्तु’ मध्ये अमृता सुभाष यांनी केलेली माहुताची बायको कन्नड बोलते. त्या कामाला सहायक अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. आपल्यापैकी बहुतेकांना तिचे उच्चार तपासता येणार नाहीत, आणि तपासायची गरजही नाही. आठवण हरवलेल्या म्हाताऱ्याशी ती तिच्या भाषेत बोलते तेव्हा उत्तराची वाट कशी बघते, आणि उत्तर न मिळाल्यावर काय करते, हे बघायला भाषा लागत नाही.

परक्या भाषेतल्या कामांना हाच उपाय. मेरिल स्ट्रीपने १९८२ च्या ‘सोफीज चॉइस’ मध्ये पोलिश बाईचं इंग्रजी बोललं आणि ऑस्कर घेतलं. पोलिश लोक इंग्रजी कसं बोलतात हे आपल्याला कोथरूडमध्ये बसून ठाऊक नसतं. मात्र परक्या भाषेत शब्द शोधताना माणूस कुठे अडखळतो, हे प्रत्येक मराठी माणसाने स्वतः अनुभवलेलं असतं. ती अडखळ विचाराची आहे की पाठ केलेली आहे, एवढं सांगायला आपला कान पुरेसा आहे. बाकी उच्चार शंभर टक्के बरोबर असं ठोकून देऊ नये. ज्याची ती भाषा आहे त्याला विचारावं.

आपल्या घरच्या भाषेत मात्र कडक व्हायला हरकत नाही. हिंदीतून आलेल्या नटाचं मराठी तपासायला च, ज, झ पुरेसे आहेत. दुनिया या अर्थाचं ‘जग’ आणि ‘शंभर वर्षं जग’ मधलं ‘जग’ वेगळं वाजतं का? ‘माझा’ आणि ‘माझी’ मधला झ? हे जमलं असेल तर त्या नटाने खरोखर मेहनत घेतली आहे.

आणि हो, पेठी मराठी हीसुद्धा बोलीच आहे. लातूरचा नट पुण्याचा घरमालक करतो तेव्हा तोही तेवढीच कसरत करत असतो. त्याला ‘भाषा काय पकडलीय’ कोणी म्हणत नाही, कारण ती आपल्याला भाषा वाटते आणि बाकीच्यांच्या बोली वाटतात. मोलकरीण किंवा ड्रायव्हर तोंड उघडतो आणि पहिल्याच शब्दाला प्रेक्षागृह हसतं, तो हशाही नटाने कमावलेला नसतो.

बोली आणि अभिनय एकत्र बघायचे तर ‘ती फुलराणी’. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. लं.नी केलेल्या या नाटकात १९७५ साली भक्ती बर्वे मंजुळा झाल्या. तिथे नटीला आधीची भाषा आणि नंतरची भाषा अशी दोन टोकं मिळतात, आणि टोकं सोपी असतात. कस लागतो मधल्या अवस्थेत, जेव्हा उच्चार सुधारलेत पण माणूस अजून जुनाच आहे. नव्या संचात कोणी मंजुळा करत असेल, तर तो मधला टप्पा बघायला जा.

पडद्यावर

सिनेमात नटाचं काम तुकड्यांत घेतात आणि संकलक ते जोडतो. त्यामुळे पडद्यावरचा ‘पॉज’ नटाने घेतला की कात्रीने दिला, हे प्रेक्षकाला कळत नाही. उपाय एकच: कट नसलेले लांब तुकडे आणि दोघं एकाच फ्रेममध्ये असलेले प्रवेश शोधा. ‘कोर्ट’ मध्ये असे भरपूर आहेत. कॅमेरा लांब, स्थिर. गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील कायद्याची कलमं सपाट आवाजात वाचत जाते, उरकायचं आहे म्हणून. बघणाऱ्याला वाटतं हा अभिनयच नाही. रोज तेच काम करणाऱ्या बाईचा कंटाळा एवढा अचूक आणणं किती कठीण आहे, ते तोच उतारा घरी मोठ्याने वाचून बघा म्हणजे कळेल. आपण लगेच ‘वाचून दाखवायला’ लागतो.

घरी बघताना एक प्रवेश आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून नुसता ऐका. आवाज बंद केल्यावर भाव गेला, तर तो पार्श्वसंगीताचा होता. डोळे मिटल्यावर आवाज खोलीतला न वाटता स्टुडिओतला वाटला, तर डबिंग आहे, आणि मग चेहरा व आवाज ही दोन वेगळ्या दिवशी केलेली कामं म्हणून जोखा. पार्श्वसंगीताशिवाय काय होतं ते बघायचं असेल तर प्रभातचा १९३७ चा ‘कुंकू’ बघा. त्यात केवळ प्रसंगातून येणारे आवाज वापरले आहेत. केशवराव दाते रंगभूमीवरचे, आणि तरी त्यांचे काकासाहेब कॅमेऱ्यासमोर किती आवाज कमी करून उभे आहेत! तरुण बायको करून आणलेल्या त्या म्हाताऱ्याची शरम ते बोलून दाखवत नाहीत.

‘ओळखूच आला नाही’

वजन घटवणं, टक्कल करणं, तास-दोन तासांचा मेकअप: हे कष्ट आहेत, त्यांचा मान ठेवा, पण मार्क वेगळ्या रकान्यात. खऱ्या माणसांच्या भूमिकांत हा गोंधळ फार होतो. सुबोध भावे यांनी बालगंधर्व (२०११), लोकमान्य (२०१५) आणि काशिनाथ घाणेकर (२०१८) असे तीन केले. साडी, पगडी आणि घाणेकरांची केशरचना मनातल्या मनात काढून टाका आणि विचारा, तिघांचं दुखावलं जाणं वेगळं आहे का? नक्कल किती जुळली हा प्रश्न त्यामानाने फुटकळ. घाणेकरांच्या बाबतीत आणखी एक गंमत: तिथे नटाला दुसऱ्या नटाने गाजवलेला, ‘अश्रूंची झाली फुले’ मधला लाल्या करायचा आहे. रंगमंचावरचे घाणेकर आणि विंगेतले घाणेकर यांच्यातला फरक बघा. तिथे मला सगळ्यात जास्त काम दिसलं.

मार्क द्यायची वेळ आली तर

१९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला भरतमध्ये एकदा तरी जाऊन बसा, हातात कागद घेऊन. “अरे, आवाज कुणाचा!” च्या आरोळ्यांत स्वतःचं मत शाबूत ठेवायचा याहून चांगला सराव पुण्यात नाही. वाचिक (बोलणं), आंगिक (हालचाल) असे रकाने करायचे तर करा, पण त्यांची बेरीज करून निकाल लावू नका. बेरजेत नेहमी निर्दोष नट वर येतो, आणि निर्दोष म्हणजे उत्तम असं काही नाही. प्रत्येक नटासमोर एकच ओळ लिहा: त्याने घेतलेला, संहितेत नसलेला एक निर्णय. कुठे थांबला, काय उचललं, कोणाकडे बघितलं नाही. ज्याच्यासमोरची ओळ कोरी राहिली त्याने पाट्या टाकल्या. दोन-तीन ओळी भरल्या असतील, त्याचं नाव लक्षात ठेवा आणि पुढच्या वर्षी तो कुठल्या प्रायोगिक नाटकात लहानशा भूमिकेत दिसतोय का, ते जाहिरातीत बघत राहा.